तीन पायांचा कावळा

होश्शिनमोनच्या बसथांब्यापाशी मोबाइलला रेंज आली आणि लगेच आईचा फोन वाजला. आमच्याकडे जपानात सकाळचे दहा, म्हणजे वाईत साडेसहा. चहाच्या भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला, मग तिचा. पाय दुखतात का, खायला काही मिळतं का, नात नीट जेवते का, हे सगळं झालं. मी म्हटलं, आज दुपारी मुख्य देवळात पोचू. त्यावर ती जराशी थांबली आणि म्हणाली, "तुझं काही नाही ना गं?" मी उत्तर द्यायच्या आत स्वतःच, "हो, आता बंदच झालंय की तुझं. बरं झालं. सुटलीस बाई." मग तिचं दूध उतू चाललं म्हणून फोन ठेवला.

प्रश्न नवा नव्हता. सत्यनारायण असो, गौरी असोत, कुणाची मुंज असो, दारात चपला घालताना तो यायचाच, आणि तोही असाच, कशाचंही नाव न घेता. इतक्या वर्षांत त्याचं काही वाटेनासं झालं होतं. या वेळी डोक्यात अडकून बसलं ते 'सुटलीस'. ज्या देवांची नावंही आईला माहीत नाहीत, त्यांच्या दारात जायलासुद्धा मी आता लायक झाले होते. त्यासाठी मी केलं काय होतं? वय वाढवलं होतं, बस. ओसाकात नोकरी करणारी माझी भाची पुढे चालत होती. तिला ऐकू गेलं असणार, पण ती काही बोलली नाही. चहाच्या मळ्यांमधून, घराघरांच्या परसातून जाणारी वाट होती, कुमानो कोदो या जुन्या यात्रामार्गाचा सगळ्यात सोपा टप्पा. अशा सपाट वाटेवर डोकं मोकळं असतं, आणि मोकळ्या डोक्यात असलं काहीतरी रुतून बसतं.

आधीच्या चढांवर अशी चैन नव्हती. नाकाहेची नावाची ही वाट ताकिजिरीच्या छोट्या देवळामागून सुरू होते ती थेट उभीच. सुगीच्या, म्हणजे जपानी देवदाराच्या, मुळ्यांचं जाळं, त्यावर रात्रीच्या पावसाचा ओलावा, आणि पहिल्याच अर्ध्या तासात गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेली मी. थोडं वर एका प्रचंड खडकाखाली बोगदा आहे. त्यातून सरपटत पलीकडे निघालात तर पुन्हा जन्माला आल्यासारखं, असं मानतात. भाची सॅक काढून आत घुसली आणि केसांत माती घेऊन बाहेर आली. मी बाहेरूनच कौतुक केलं. दर पाचशे मीटरला आकडा घातलेला खुंट आहे, ताकिजिरीला १ आणि होंगूला, म्हणजे मुख्य देवळाशी, ७५. सुरुवातीला आकडे वाचायची गोडी वाटते, विसाव्या-बाविसाव्या खुंटानंतर त्यांचा राग येतो. मध्येच एखाद्या घरापुढे फळीवर संत्र्यांच्या पिशव्या, शेजारी उमेबोशीच्या, म्हणजे खारवलेल्या आंबट फळांच्या, डब्या आणि पैसे टाकायला पत्र्याचा डबा. राखणीला कुणीही नाही. प्रत्येक ओजीपाशी, म्हणजे वाटेवरच्या लहान देवस्थानापाशी, लाकडी पेटीत एक शिक्का असतो. तो वहीत उमटवायचा. आम्ही दोघी त्या शिक्क्यांसाठी शाळकरी पोरींसारख्या भांडलो.

या चढांवर क्योतोचे सम्राट यायचे. सिंहासन सोडून बसलेला गो-शिराकावा तर तीसाहून अधिक वेळा आला. १२०१ मध्ये गो-तोबाच्या लवाजम्याबरोबर फुजिवारा नो तेइका हा कवी आला होता. त्याच्या रोजनिशीत भक्ती आहेच, पण दगदग, आजारपण आणि राहायची गैरसोय यांच्या तक्रारीही भरपूर आहेत. मला सम्राटापेक्षा तो जवळचा वाटला. मेहारी-झुशी, म्हणजे मोहरीच्या खारवलेल्या पानात गुंडाळलेला भाताचा गोळा, दुपारी झाडाखाली बसून खाताना मी सातारी लसणीच्या चटणीची पुडी सोडली. तेइकाकडे ती असती तर त्याची अर्धी कुरकूर कमी झाली असती, असं माझं मत आहे.

त्सुगिझाकुराला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. तिथल्या सुगींच्या बुंध्याला कवेत घ्यायला माणसांची साखळीच करावी लागेल, आणि त्यांच्या फांद्या दक्षिणेकडेच झेपावलेल्या, जिकडे नाचीचा धबधबा आहे तिकडे. ही झाडं आज उभी आहेत ती एका विक्षिप्त माणसामुळे. १९०६ मध्ये सरकारनं गावोगावची छोटी देवस्थानं एकत्र करायचा हुकूम काढला. देऊळ हललं की मागचं रान कुणाचंच राहत नाही, आणि लाकडाला तर गिऱ्हाईक असतंच. तानाबेत राहणारा मिनाकाता कुमागुसु हा निसर्गसंशोधक, आयुष्यभर ओल्या लाकडावरच्या बुरशीसारख्या बारीक जीवांमागे फिरलेला, याविरुद्ध उठला. पत्रं लिहिली, लेख लिहिले, १९१० मध्ये एका सभेत घुसून गोंधळ घातला म्हणून तुरुंगातही जाऊन आला. तरी बरीच झाडं गेलीच, ही थोडी वाचली. कोकणातल्या देवराया पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. देव उठला की मागोमाग कुऱ्हाड येते.

तर, फुशिओगामी.

होश्शिनमोन आणि होंगूच्या मधला हा उंचवटा. डोंगररांगांमागून चालत आलेल्या यात्रेकरूंना होंगूचं पहिलं दर्शन इथून व्हायचं, आणि ते इथेच लोटांगण घालायचे. शेजारी गावातल्या बायकांची चहाकॉफीची छोटी जागा आहे. कॉफी गरम झऱ्याच्या पाण्यात करतात. ती पीत भाची माहितीचा फलक वाचत होती. वाचता वाचता ती हसली आणि म्हणाली, "मावशी, आजीला फोन लाव."

फलकावर इझुमी शिकिबुची कथा होती. ही इसवी सन हजारच्या सुमाराची दरबारी कवयित्री, कवितेइतकीच प्रेमप्रकरणांसाठी गाजलेली. क्योतोहून मजल दरमजल करत ती इथवर आली, समोर देऊळ दिसलं, आणि नेमकी पाळी आली. आता पुढे जाता येणार नाही म्हणून तिनं इथूनच हात जोडले आणि एक कविता रचली. मन ढगाळलंय, दर महिन्याची आडकाठी नेमकी आजच आली, असा तिचा भाव. रात्री स्वप्नात कुमानोच्या देवानं कवितेतूनच उत्तर दिलं. मी माणसांच्या धुळीत मिसळायला म्हणूनच खाली उतरलोय, मला तुझ्या महिन्याच्या आडकाठीचं काय? ये. दुसऱ्या दिवशी ती गेली. आख्यायिकाच आहे ही. पण देवाच्या नावावरची ती कविता चौदाव्या शतकातल्या शाही काव्यसंग्रहात आहे, म्हणजे तेव्हाच्या लोकांना देव असं बोलेल हे पटत होतं. मी फलकासमोर बराच वेळ उभी राहिले. तिला वय वाढायची वाट बघावी लागली नव्हती, एवढंच डोक्यात फिरत होतं.

अर्थात, लगेच हुरळून जाण्यातही अर्थ नाही. कुमानोची ही ख्याती देशभर पोचवली ती कुमानोच्या भिक्षुणींनी. चित्रांचे पट खांद्यावर घेऊन त्या गावोगाव हिंडायच्या, बायकांना गोळा करून पट उलगडायच्या आणि कथा सांगून देणगी मागायच्या. कुमानोचा देव बाईला परत पाठवत नाही, असं त्या सांगत. पण त्यांच्या पटात नरकही असायचा, आणि त्यात बायकांसाठी खास एक रक्ताचं कुंड रंगवलेलं असायचं. पाळीचं आणि बाळंतपणाचं रक्त जमिनीवर सांडून पाण्यात मिसळलं, देवाच्या पाण्याला विटाळ झाला, म्हणून बायकांनी मेल्यावर त्या कुंडात पडायचं. त्यातून सुटकेचा उपायही अर्थात भिक्षुणींकडेच. एकाच पटावर दोन्ही. हे वाचलं तेव्हा मला हसूच आलं, कारण आमच्या आजीच्या बोलण्यातही या दोन्ही गोष्टी अशाच शेजारी शेजारी नांदायच्या. देवाला सगळी लेकरं सारखी, असं म्हणता म्हणता ती आईचा तांब्या दुरूनच सरकवायची.

वाईच्या वाड्यात मागच्या पडवीला एक कोपरा होता. तिथं तरट, घोंगडी, वेगळं ताट-वाटी. महिन्यातून चार दिवस आई त्या कोपऱ्यात बसायची आणि आम्हाला सांगितलं जायचं, आईला कावळा शिवलाय. मी तिच्या पदराकडे, खांद्याकडे टक लावून बघायची, चोचीची खूण दिसते का म्हणून. परसातल्या चिंचेवर कावळे असायचेच. त्यातला नेमका कुठला, यावर धाकट्या भावाशी माझी पैज लागायची. आई त्या कोपऱ्यात वाचनालयाची पुस्तकं वाचायची. पुढे मी कॉलेजात जाऊन या प्रकाराविरुद्ध तावातावानं बोलायला लागले तेव्हा ती शांतपणे म्हणाली होती, "तेवढीच पाठ टेकायला मिळायची गं." यावर काय बोलायचं, ते मला तेव्हाही सुचलं नव्हतं.

भाऊ तीन वर्षांचा होता, तो आईकडे धावायचाच. मग आजी ओरडायची, "अरे, कपडे काढ आधी!" विटाळ कापडाला लागतो, उघड्या पोराला लागत नाही, असा नियम. भाऊ भराभरा चड्डी-सदरा फेकायचा आणि नागडा होऊन तिच्या मांडीत जाऊन बसायचा. मी सात वर्षांची. मला कपडे काढायला लाज वाटायची. मी उंबऱ्यावर बसून दोघांकडे बघत राहायची.

होंगूला पोचलो तर जिकडेतिकडे कावळा. झेंड्यांवर, ताईतांवर, काळ्या रंगाच्या टपालपेटीच्या डोक्यावरसुद्धा. तीन पायांचा यातागारासु. वाट चुकलेल्या जिम्मू सम्राटाला या डोंगरांतून यानंच बाहेर काढलं म्हणतात, आणि जपानच्या फुटबॉल संघाच्या छातीवरही हाच असतो. देवळात मिळणाऱ्या अंगाऱ्यासारख्या कागदावर अक्षरंसुद्धा कावळ्यांचीच बनवलेली. होंगूच्या कागदावर ८८ कावळे. पूर्वी या कागदाच्या मागे शपथा लिहीत. शपथ मोडली की कुमानोचा एक कावळा मरतो आणि मोडणारा रक्त ओकतो, अशी दहशत. आमच्याकडे कावळा शिवला की बाई चार दिवस बाहेर, आणि माणूस गेला की हाच कावळा पिंडाला शिवावा म्हणून सगळं घर आभाळाकडे डोळे लावून बसतं. इथे तो वाट दाखवतो. मी कावळ्याचं कार्ड घेतलं, आईचा पत्ता घातला आणि त्या काळ्या पेटीत टाकलं. ते मिळाल्यावर ती काय म्हणेल ते मला आत्ताच माहीत आहे: "एवढ्या लांबून काय हे कावळ्याचं चित्र पाठवायचं?"

आजचं देऊळ डोंगरावर आहे, १५८ पायऱ्या चढून. पण मला जास्त आवडली ती मूळ जागा, नद्यांच्या संगमावरचा ओयुनोहारा. १८८९ च्या महापुरानं तिथली बहुतेक मंदिरं वाहून गेली, वाचलेली वर हलवली. आता भातखाचरांपलीकडे ३३.९ मीटर उंचीची जपानमधली सगळ्यात मोठी तोरी, म्हणजे देवस्थानाची कमान, आणि तिच्यातून आत गेलात की नुसतं गवत, जुनी झाडं आणि दोन दगडी देवळ्या. गाभारा नाही, रांग नाही, 'पुढे चला' म्हणणारा कुणी नाही. तिथेच बाजूला इप्पेन या भिक्षूच्या नावाची शिळा आहे. बुद्धाच्या नावाच्या चिठ्ठ्या वाटत फिरताना एकानं "माझी श्रद्धा नाही, मी कशाला घेऊ" म्हणून चिठ्ठी नाकारली, आणि इप्पेन हादरला. १२७४ मध्ये होंगूला येऊन त्यानं कौल मागितला. देवानं सांगितलं, श्रद्धा आहे की नाही, शुद्ध आहे की अशुद्ध, काही बघू नकोस, देत जा. मग तो माणसं जमवून नाचत नामघोष करत देशभर हिंडला.

१२७४. ज्ञानेश्वरांचा जन्म आपण मानतो त्याच्या आदल्या वर्षी. नामदेव तेव्हा लहान मूल. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे मला कळतं. तरीही गवतावर बसल्या बसल्या मनात आलं की आपणही त्याच शतकात हेच म्हणायला लागलो होतो, नाचत आणि गात. आणि चोखोबा तरीही दाराबाहेरच राहिले. त्यांच्या सोयराबाईंनी तर विटाळाचा प्रश्न थेट देवालाच विचारला होता, देहातूनच देह येतो तर विटाळ नसलेला कोण, म्हणून. पंढरपूरचं देऊळ दलितांना खुलं व्हायला १९४७ साल उजाडलं, त्यासाठी साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. देव 'ये' म्हणाला तरी दारावरच्या माणसांपर्यंत ते पोचायला वेळ लागतो, इथे काय नि तिथे काय.

होंगूहून दाइनिची-गोए नावाच्या छोट्याशा पण चिवट चढानं आम्ही युनोमिनेत उतरलो. पोटऱ्यांत गोळे आले होते. एक अरुंद घळ, मधून ओढा, दोन्ही बाजूंना मोजकी घरं आणि सगळ्यावर गंधकाचा वास. ओढ्याकाठी गावाचं उकळतं कुंड आहे, नव्वद अंश पाण्याचं. दुकानातून जाळीत अंडी आणि रताळी घ्यायची आणि दोरीनं आत सोडायची. आम्ही रताळी सोडली आणि कठड्यावर बूट काढून बसलो. शेजारी एक आजोबा घड्याळात बघून अंडी वर काढत होते. त्यांच्या मते बारा मिनिटं. भाचीच्या मते दहा. त्यावर त्यांची बराच वेळ चर्चा झाली.

ओढ्यातच एका लाकडी खोपटात त्सुबोयु आहे. दोन माणसं जेमतेम मावतील एवढं दगडी कुंड, आळीपाळीनं अर्धा तास वापरायचं, साबण लावायचा नाही. जागतिक वारशाच्या यादीतल्या या पाण्यात अजूनही माणसं आंघोळ करतात. पाण्याचा रंग दिवसात सात वेळा बदलतो म्हणे. आमच्या वाट्याला दुधी निळा आला. ओगुरीची कथा याच पाण्याची. विष घालून मारलेला हा योद्धा परत आला तो डोळे, कान, वाचा हरवून, अंग झडलेला, माणूस म्हणून ओळखू न येणारा. त्याला गाडीवर घातला आणि गळ्यात पाटी अडकवली: एकदा ओढेल त्याला हजार भिक्षूंना जेऊ घातल्याचं पुण्य. वाटेवरच्या अनोळखी माणसांनी दोरी हातोहात पुढे देत त्याला इथवर आणला. सात दिवसांनी डोळे उघडले, चौदा दिवसांनी कान, एकविसाव्या दिवशी वाचा फुटली, एकोणपन्नासाव्या दिवशी पूर्ण माणूस झाला. आम्हाला अर्धाच तास होता. तळाच्या गोट्यांवर टाचा टेकून मी डोळे मिटले. पाणी इतकं कढत की पहिली काही मिनिटं देवाचं नावसुद्धा आठवत नाही. मग पोटऱ्या एकेक करून सैल झाल्या.

खरी परीक्षा रात्री, मुक्कामाच्या घरातल्या बायकांच्या सामाईक कुंडात. गरम पाण्याची कुंडं मला नवी नाहीत. गणेशपुरीला, उन्हवऱ्याला बुडी मारलेली आहे, पण अंगभर साडी नेसून. इथे अंगावर काहीच नाही. हातात वीतभर पंचा, तोही पाण्यात न्यायचा नाही. बुटक्या स्टुलावर बसून आधी स्वच्छ घासून आंघोळ, मग कुंडात. भाचीला अंगाखांद्यावर खेळवलेलं असलं तरी आता ती अठ्ठावीस वर्षांची, आणि मी तिची मावशी. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाठ केली. पाळी चालू असेल तर बायका इथे उतरत नाहीत, तो स्वच्छतेचा शिरस्ता, देवाशी त्याचा संबंध नाही, असं तिनं आधीच सांगून ठेवलं होतं. वेताच्या टोपलीत मी कपड्यांची घडी ठेवली. कपडे बाहेर ठेवले की शिवायला हरकत नाही, हा नियम मला पाठ होता.

आत तिघी होत्या. सगळ्यात थोरली ऐंशीच्या घरातली असावी. तिची एक बाजू सपाट होती, स्तनाच्या जागी एक तिरकी, फिकट रेघ. कुणी बघत नव्हतं आणि कुणी नजर चुकवतही नव्हतं. ती सावकाश गुडघे घासत होती, आधी उजवा, मग डावा, मागच्या खोबणीतसुद्धा, चालून आलेल्या बाईनं घासावेत तसे. माझ्या पोटावर सिझेरियनचा व्रण आहे, तो मी पंचानं झाकला होता. कुंडात उतरताना पंचा डोक्यावर ठेवावा लागला आणि व्रण उघडा पडला. तिनं थोडं सरकून मला जागा करून दिली आणि "कुठून?" एवढंच विचारलं. ताकिजिरीहून, मी म्हटलं. ती माझ्या पायांकडे बघून हसली.

सकाळी न्याहारीला झऱ्याच्या पाण्यात शिजवलेली तांदळाची पेज आली, सोबत उमेबोशी. मी पिशवीतून मेतकुटाची पुडी काढली. भाचीनं नकाशा पसरला होता. पुढच्या वर्षी ओमिने करायचं तिच्या डोक्यात होतं. याच डोंगररांगेतला, याच जागतिक वारशातला, १७१९ मीटरचा सान्जोगाताके. मी लगेच हो म्हटलं.

"पण तिथे बायकांना बंदी आहे," ती म्हणाली. "अजूनही. वाटेच्या तोंडाशी मोठा दरवाजा आहे, त्यावर लिहिलंय. तुझं बंद झालंय म्हणूनसुद्धा चालत नाही."

"मग कशाला जायचं?"

"दरवाजा बघायला."

मी कोयासान हा बौद्ध मठांचा डोंगर सुचवला. तिथली बंदी १८७२ च्या सरकारी फतव्यानं कायद्यापुरती तरी उठली, आणि आत जाता येत नव्हतं तेव्हा बायका डोंगराच्या कडेकडेनं बाहेरूनच प्रदक्षिणा घालायच्या, ती त्यांची वाट आजही चालता येते. भाचीला ते पटलं नाही. उठलेल्या बंदीपेक्षा न उठलेली बघावी, असं तिचं म्हणणं. दारापर्यंत जायचं, तिथंच बसून डबा खायचा, परत यायचं. तरण्या पोरींना असल्या गोष्टींची हौस असते. माझ्या गुडघ्यांना बघण्यासारखं काही नसलेल्या चढाचं वावडं आहे, हे मी तिला सांगितलं.

"चढ कुठला, दरवाजा तर खालीच आहे," ती म्हणाली. "आणि पायथ्याच्या दोरोगावात गरम पाण्याचे झरे आहेत."

हे तिनं आधी सांगायला हवं होतं. मी आणखी एक वाडगा पेज घेतली आणि दोरोगावाला बस कुठून मिळते ते बघायला सांगितलं.